शाळेतील विषबाधेचा तपास आणि ‘एपी इन्फो ७’: एका वापरकर्तीचे परीक्षण

शाळेत दुपारच्या जेवणानंतर मुलांना उलट्या सुरू झाल्या, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याचे कारणही छापून येते आणि बहुतेक वेळा ते ‘खिचडीत पाल पडली’ असे असते. आरोग्य पथकाचे काम मात्र तेवढ्यावर भागत नाही. कोणत्या मुलाने काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, त्रास किती वाजता सुरू झाला आणि ज्यांना काहीच झाले नाही त्यांनी काय खाल्ले होते, हे सगळे गोळा करून, त्याची आकडेमोड करून जिल्ह्याला अहवाल द्यावा लागतो. तोही सलाइनच्या बाटल्या, घाबरलेले पालक आणि फाटकाशी जमलेली गर्दी यांच्यातून वाट काढत. या कामासाठी मी ‘एपी इन्फो’ हे संगणकीय साधन बरीच वर्षे वापरते आहे. साथरोगाचे शिक्षण घेणाऱ्यांना ते नावाने माहीत असते, पण शाळेतल्या विषबाधेच्या तपासात ते नेमके कुठे उपयोगी पडते आणि कुठे हात टेकते, याविषयी मराठीत लिहिलेले फारसे वाचनात आले नाही, म्हणून हे परीक्षण.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने, म्हणजे सीडीसीने, हे साधन १९८५ मध्ये डॉसवर चालणाऱ्या संगणकांसाठी प्रथम तयार केले. मी वापरते ती पिढी सातवी असून ती विंडोजवर चालते. तिला किंमत नाही, परवाना नाही, नोंदणी नाही. त्याहून मोठी सोय अशी की झिप स्वरूपातली प्रत पेन ड्राइव्हवर उलगडून ती तेथूनच चालवता येते, ती संगणकावर बसवावी लागत नाही. ज्यांनी सरकारी कार्यालयातल्या संगणकावर एखादी गोष्ट बसवण्यासाठी पासवर्ड जाणणाऱ्या एकमेव माणसाची वाट पाहिली आहे, त्यांना या एका गुणाचे मोल वेगळे सांगायला नको. आकडेमोडीसाठी इंटरनेट लागत नाही, हा दुसरा गुण. डोंगरातल्या आश्रमशाळेच्या व्हरांड्यात बसून काम करायचे असेल तर तो पहिलाही ठरतो.

साधनाचे भाग अनेक आहेत. प्रश्नावलीचा फॉर्म तयार करण्याचा भाग, त्यात माहिती भरण्याचा भाग, त्या माहितीवरून तक्ते व आलेख काढून देणारा ‘डॅशबोर्ड’, तयार आकडे हाती असतील तर थेट हिशेब करून देणारा ‘स्टॅटकॅल्क’, आणि नकाशे. नकाशांच्या वाटेला मी कधीच जात नाही. एका शाळेच्या आवारासाठी मुख्याध्यापकांकडून कोरा कागद घेऊन पाण्याची टाकी, स्वयंपाकघर आणि वर्ग हाताने काढले तर ते अधिक खरे उतरते. बाकीच्या चार भागांवर आमचा तपास चालतो.

नव्या माणसाने सुरुवात कुठून करावी, याचे उत्तर साधनासोबतच येते. नमुना प्रकल्पांमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो परगण्यातील एप्रिल १९४० च्या चर्चमधील जेवणावळीतून झालेल्या विषबाधेची माहिती दिलेली आहे. साथरोगशास्त्राच्या वर्गात ही जेवणावळ इतक्या वेळा शिकवली जाते की तिची थट्टाही होते, तरी ती एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावी असाच माझा आग्रह राहील. ७५ जणांना विचारणा झाली, त्यांपैकी ४६ आजारी होते. आजारी पडलेल्यांपैकी २९ जणांनी भाजलेले हॅम (डुकराचे मांस) खाल्ले होते, म्हणजे निम्म्याहून अधिक. एवढेच ऐकले तर कोणीही हॅमवर बोट ठेवील. पण डॅशबोर्डवर हॅमचा तक्ता मागवला की दिसते की खाणाऱ्या ४६ पैकी २९ जण, म्हणजे ६३ टक्के, आजारी पडले आणि न खाणाऱ्या २९ पैकीही १७ जण, म्हणजे ५९ टक्के, आजारी पडले. म्हणजे हॅम सुटले. आता व्हॅनिला आइस्क्रीम घ्यावे. खाणाऱ्या ५४ पैकी ४३ आजारी. न खाणाऱ्या २१ पैकी फक्त ३. सापेक्ष जोखीम, म्हणजे खाणाऱ्यांतले आजाऱ्यांचे प्रमाण न खाणाऱ्यांतल्या प्रमाणाच्या किती पट, ती साडेपाचपटीहून थोडी अधिक. चॉकलेट आइस्क्रीमचा तक्ता काढला तर गंमत होते: ते खाणाऱ्या ४७ पैकी २५ आजारी आणि न खाणाऱ्या २७ पैकी २० आजारी, म्हणजे जणू चॉकलेट आइस्क्रीमने माणसे वाचवली. ते औषध नव्हते. चॉकलेटकडे वळलेल्यांपैकी काहींनी व्हॅनिला घेतले नाही, एवढाच त्याचा अर्थ. संगणक दोन्ही आकडे सारख्याच ठसठशीतपणे छापतो. त्यांतला फरक ओळखणे वाचणाऱ्यावर सोडलेले आहे.

या साधनाची मला पटलेली मोठी गोष्ट या सरावातच कळते. निरोगी मुलांची माहिती भरली नाही तर साधनाचा तक्ता अर्धा रिकामा राहतो आणि ते रिकामेपण डोळ्यांना खुपते. आपल्याकडे विषबाधेची माहिती गोळा होते ती दवाखान्यात, आणि दवाखान्यात येतात ती आजारी मुले. त्यांच्या याद्या सुबक असतात: नाव, वय, इयत्ता, लक्षणे, दिलेले उपचार. शाळेत बसून राहिलेल्या, धडधाकट मुलांना मात्र कोणी काही विचारत नाही. त्यांना सुट्टी देऊन घरी पाठवलेले असते. दुसऱ्या दिवशी त्यांना शोधायला वस्त्यांवर फिरावे लागते, आणि तोवर त्यांच्या आठवणीत कालचे जेवण आणि लोकांनी सांगितलेले जेवण यांची सरमिसळ झालेली असते. म्हणून आमच्या पथकात आता आरोग्य सेवक दवाखान्यात आणि आशाताई थेट शाळेत, अशी विभागणी असते.

शाळकरी मुलांमधील उद्रेकात ही पद्धत किती दूरवर नेऊ शकते, हे पाहायचे असेल तर जर्मनीतले २०१२ चे प्रकरण पाहावे. त्या वर्षी २० सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर या काळात पूर्वेकडच्या पाच राज्यांत मिळून सुमारे ११ हजार जणांना उलट्या-जुलाब झाले. सुमारे ३९० संस्थांमधून रुग्ण कळवले गेले. त्यांत बहुतेक शाळा आणि पाळणाघरे होती आणि जवळपास सगळ्यांना जेवण पुरवणारी कंपनी एकच होती. ही त्या देशात तोवर नोंदलेली सर्वांत मोठी अन्नजन्य साथ. एकाच कंपनीकडे बोट दाखवून तपास तेथे थांबवता आला असता, पण स्वयंपाकघरे निरनिराळ्या गावांत होती, आणि एवढ्या साऱ्या स्वयंपाकघरांत एकाच आठवड्यात एकच चूक होणे संभवत नव्हते. तपास करणाऱ्यांनी तीन राज्यांतल्या माध्यमिक शाळांमध्ये चार छोटे अभ्यास केले. त्यांत आजारी मुले अवघी १५० होती. प्रत्येक अभ्यासात स्ट्रॉबेरी घातलेला पदार्थच वर आला. ऑड्स रेशो, म्हणजे तो पदार्थ आणि आजार यांचा संबंध किती घट्ट हे सांगणारा आकडा (संबंध नसेल तर तो १ असतो), सर्वांत कमी २.६ आणि सर्वांत जास्त ४५.४. तो पदार्थ मुलांना वाढला गेला तो त्या त्या शाळेतल्या रुग्णसंख्येच्या शिखराच्या दोन दिवस आधी, आणि या साथीमागच्या नोरोव्हायरस या विषाणूचा अधिशयन काळ, म्हणजे तो शरीरात शिरल्यापासून त्रास सुरू होईपर्यंतचा वेळ, साधारण १२ ते ४८ तासांचा असतो, हे त्याच्याशी जुळणारे होते. मग मालाचा माग काढला तेव्हा सर्व बाधित संस्थांपर्यंत चीनमधून गोठवून आणलेल्या स्ट्रॉबेरीचा एकच लॉट पोचल्याचे दिसले. कारण आठवड्याच्या आत सापडले आणि त्या लॉटचा निम्म्याहून अधिक माल खाणाऱ्यांपर्यंत जाण्याआधी अडवता आला. ११ हजार रुग्णांची साथ दीडशे मुलांच्या नीट विचारलेल्या उत्तरांवरून उलगडली, हे मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते. आमच्याकडे सगळ्याच मुलांचे फॉर्म भरून घेण्याच्या हट्टापायी एकाचाही धड भरला जात नाही.

हे सगळे वाचून कोणी उत्साहाने एपी इन्फो घेऊन आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेला, तर पहिल्याच तक्त्याला त्याची निराशा होईल. जर्मन शाळेत मुलापुढे निवड असते, कोणी गोड पदार्थ घेतो, कोणी घेत नाही. आपल्या पोषण आहारात बहुतेक दिवशी पातेले एक, डाव एक आणि जेवणारी मुले सगळी. ‘खिचडी खाल्ली नाही’ ही ओळच रिकामी राहते, आणि शून्याने भागायला लावल्यावर कोणतेही साधन उत्तर देत नाही. हा दोष एपी इन्फोचा नव्हे; पण त्याच्या मार्गदर्शिकेत आपल्या एका पातेल्याचा विचार नाही, हेही खरे, आणि येथे तपास करणाऱ्याला स्वतःचे डोके चालवावे लागते. तुलना ‘खाल्ले की नाही’ अशी न करता ‘किती खाल्ले’ अशी करावी. चव घेऊन सोडले, एकदा घेतले, दोनदा घेतले, असे तीन गट पाडून त्यांतल्या आजारी मुलांचे प्रमाण पाहावे. ते पायरीपायरीने चढत असेल तर खिचडीवरचा संशय बळावतो. असा चढ निव्वळ योगायोगाचा नाही ना, हे पाहण्यासाठी स्टॅटकॅल्कमध्ये कल तपासणारी काय-वर्ग चाचणी आहे, आणि माझ्या मते आपल्या शाळांसाठी या साधनातली सर्वांत उपयुक्त चीज तीच आहे, जरी तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

दुसरी तुलना पंगतीची. लहान वर्ग आधी जेवतात, मोठे नंतर. सकाळी शिजवलेला भात झाकून ठेवला असेल तर मागच्या पंगतीला तो अधिक तास कोमट राहिलेला मिळतो, आणि बॅसिलस सिरियससारख्या जिवाणूला तेवढेच हवे असते. तिसरी तुलना घरून डबा आणणाऱ्यांची. ही मुले थोडी असतात, पण सोन्यासारखी असतात, कारण ती त्याच वर्गात बसतात, त्याच टाकीचे पाणी पितात आणि खिचडी तेवढी खात नाहीत. त्यांनाही त्रास झाला असेल तर नजर पातेल्यावरून काढून टाकीकडे वळवावी. शिवाय शिक्षकांनी आणि स्वयंपाकी-मदतनिसांनी किती खाल्ले, फाटकाबाहेरच्या गाडीवर काय घेतले, त्या दिवशी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या का, जंतनाशक दिनाची गोळी होती का, हे रकाने फॉर्ममध्ये असलेच पाहिजेत.

महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे देण्यास सुरुवात झाली. त्या योजनेच्या निधीची पुढची कहाणी वेगळी आहे, पण तपासाच्या दृष्टीने अंड्याच्या दिवशी निदान एक खरी निवड मुलांपुढे आली आणि तक्त्याच्या दोन्ही ओळी भरू लागल्या. अशाच एका तपासात चौथीतल्या एका मुलाला मी विचारले, “अंडं घेतलंस की केळं?” तो म्हणाला, “अंडं.” मी ‘होय’वर खूण करणार, तेवढ्यात तो म्हणाला, “पण खाल्लं नाही, मॅडम. धाकट्या भावासाठी दप्तरात ठेवलं.” भाऊ अंगणवाडीच्या वयाचा, शाळेच्या पटावर नाही, आणि अंडे दप्तरात दुपारच्या उन्हातून घरी गेलेले. तेव्हापासून आमच्या फॉर्ममध्ये ‘घेतले’, ‘खाल्ले’ आणि ‘घरी नेले’ असे तीन रकाने आहेत. फॉर्ममध्ये असा बदल करायला या साधनात काही मिनिटे पुरतात, आधी भरलेली माहिती तशीच राहते, आणि ‘घरी नेले’ला होय म्हटले तरच पुढचे प्रश्न उघडतील अशी सूचनाही लिहिता येते. छापील फॉर्म वर्षानुवर्षे तोच वापरणाऱ्या खात्यात ही लवचिकता फार मोठी आहे.

आता पालीविषयी. डॅशबोर्डवर त्रास सुरू झाल्याची वेळ देऊन तासातासाचा आलेख काढता येतो आणि एकाच जेवणातून झालेल्या बाधेत तो उद्रेकाच्या कारणाविषयी प्रयोगशाळेच्या आधी बोलू लागतो. जेवणानंतर एक ते सहा तासांत उलट्यांचा जोर असेल तर स्टॅफिलोकॉकस किंवा बॅसिलस सिरियस या जिवाणूंच्या विषाचा विचार करावा. साल्मोनेला या जिवाणूला सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत वेळ लागतो, त्यात ताप आणि जुलाब अधिक. घरातली पाल विषारी नसते. तिच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, पण तो रटरट उकळलेल्या खिचडीत टिकत नाही आणि टिकलाच तरी पंधरा मिनिटांत उलटी घडवत नाही. त्यामुळे ‘पाल दिसली’ असा ओरडा झाल्यावर लगेच, एका वर्गातून दुसऱ्या वर्गात, एकमेकांना पाहून मळमळ पसरत गेल्याचे आलेखात दिसले, तर तेथे किळस आणि भीती यांचा वाटा मोठा असतो. मुलांचा त्रास खोटा नसतो आणि निरीक्षणाखाली त्यांना ठेवावेच लागते. पण अहवालात ‘पालीमुळे विषबाधा’ असे लिहून स्वयंपाकी बाईंना घरी बसवण्याआधी हा आलेख एकदा काढून पाहावा.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. आलेख घड्याळातल्या वेळेच्या आधारावर उभा असतो आणि मुलांना वेळ सांगता येत नाही; ‘मधल्या सुट्टीनंतर’, ‘गणिताच्या तासाला’ अशी उत्तरे येतात आणि त्यांचे घड्याळातले रूपांतर वेळापत्रकावरून आपणच करायचे असते. मी वापरते त्या प्रतीचे सगळे पडदे इंग्रजीत आहेत, त्यामुळे प्रश्न मराठीत विचारणारी एक व्यक्ती आणि भरणारी दुसरी, अशी जोडी लावावी लागते. मोकळ्या मजकुराचा रकाना ठेवला तर ‘केळे’, ‘केळी’ आणि ‘केळं’ हे तीन वेगळे पदार्थ होऊन बसतात, म्हणून शक्य तेथे होय-नाहीचाच रकाना ठेवावा. उत्तर न दिलेली मुले तक्त्यातून गुपचूप गळतात. तक्त्याखालची बेरीज एकूण मुलांशी जुळवून पाहण्याची सवय नसेल तर ते लक्षातही येत नाही. माहिती साठते ती जुन्या ॲक्सेस पद्धतीच्या फाइलमध्ये, आणि दोन लॅपटॉपवरची माहिती एकत्र करणे जमते, पण पहिल्यांदा करणाऱ्याने ते साथ चालू असताना करू नये. पासवर्ड घालून माहितीचे गाठोडे बांधण्याची सोय त्यात आहे आणि मुलांची नावे जिल्ह्याला पाठवताना तिचा उपयोग न करणे हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. बहुचल विश्लेषणाचा, म्हणजे अनेक पदार्थांचा एकाच वेळी हिशेब करण्याचा, विभागही आहे. एका शाळेतल्या थोड्याशा रुग्णांवर तो चालवून दशांशचिन्हापुढे भरगच्च आकडे मिळवण्याचा मोह तरुण सहकाऱ्यांना होतो. लहान संख्येसाठी फिशरची चाचणी त्याच तक्त्याखाली छापलेली असते, तिच्यावर थांबावे.

जे काम या साधनाचे नव्हेच, ते त्याच्याकडून अपेक्षू नये. अन्नाचा नमुना ते देऊ शकत नाही. आपण पोचतो तेव्हा पातेली घासून पालथी घातलेली असतात, कारण घाण ठेवल्याचा आरोप नको म्हणून कोणीतरी घाईने आवरलेले असते. जपानमध्ये शालेय जेवणाच्या नियमांनुसार प्रत्येक कच्च्या मालाचा आणि शिजवलेल्या पदार्थाचा सुमारे ५० ग्रॅम नमुना उणे २० अंश सेल्सिअसला दोन आठवडे राखून ठेवतात. साकाई शहरात १९९६ मध्ये शाळेच्या जेवणातून ई. कोलाय ओ१५७ हा जिवाणू पसरून हजारो मुले आजारी पडली होती, त्या देशाला ही शिस्त स्वस्तात मिळालेली नाही. आपल्या शाळेत निदान एक वाटी झाकून, शीतपेटीत मिळाली तरी पथकाचे अर्धे काम होते. मुलांच्या शौचाचे नमुने प्रतिजैविके सुरू होण्याआधी, नमुना वाटेत टिकवणाऱ्या कॅरी-ब्लेअर माध्यमात घ्यायचे असतात, तेही कोणत्याही संगणकाला आठवण करून देता येत नाही.

आणि काही वेळा लॅपटॉप उघडायचाच नसतो. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील धर्मासती गंडामन गावात शाळेतले जेवण जेवून २३ मुले दगावली. भात आणि सोयाबीन-बटाट्याची भाजी. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. अशा विषबाधेत घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या आणि दमलेला श्वास ही लक्षणे जेवता जेवताच किंवा थोड्याच वेळात सुरू होतात. तेथे ॲट्रोपिन हा उतारा, मोकळा श्वासमार्ग आणि रुग्णवाहिका यांखेरीज दुसरे काही सुचता कामा नये. तेलाचा डबा तेवढा कोणी तरी सील करून ठेवावा.

पर्यायांचे थोडक्यात. ज्यांना केवळ दोन बाय दोनचा (खाल्ले-न खाल्ले, आजारी-निरोगी) तक्ता हवा आहे त्यांना ब्राउझरमध्ये चालणारे ‘ओपनएपी’ पुरेसे आहे आणि ते शिकायला सोपे आहे. गुगल फॉर्म लोकप्रिय आहेत, पण नेटवर्क गेले की तपास थांबतो, आणि मुलांची नावे व आजार कोणाच्या तरी खासगी खात्यात पडून राहतात, हे मला मान्य नाही. एक्सेलमध्ये सगळे करता येते, फक्त जोखमीचे सूत्र आणि विश्वासमर्यादा (उत्तर किती मागेपुढे असू शकते याच्या सीमा) दरवेळी स्वतः मांडाव्या लागतात, आणि रात्री अकरा वाजता, जिल्ह्याचा फोन वाजत असताना, सूत्रातला कंस चुकतो. ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा येणाऱ्याला यातले काहीच नको, पण तालुक्याच्या पथकात तो क्वचितच असतो.

पाच तारे देण्याची पद्धत असेल तर मी एपी इन्फोला चार देईन. पाचवा कापला तो इंग्रजी पडद्यांसाठी आणि गळणाऱ्या उत्तरांविषयी न बोलण्यासाठी. घ्यायचे असेल तर साथ नसताना घ्यावे, ऑस्वेगोचे तक्ते एकदा हाताने आणि एकदा संगणकावर काढून जुळवावेत, आणि आपल्या तालुक्यातल्या शाळांच्या आहारानुसार फॉर्म आधीच बांधून त्याच्या कागदी प्रती गाडीत ठेवाव्यात. लॅपटॉपची बॅटरी नेमकी त्याच दिवशी दगा देते.